वीस सेकंदांच्या पलीकडचे श्रोते

आमच्या भजन मंडळाचे मुख्य गायक, ज्यांना सारे गाव काकाजी म्हणते, ध्रुपदाची, म्हणजे भजनात कडव्यांनंतर पुन्हा पुन्हा येणाऱ्या पालुपदाची, अर्धी ओळ म्हणतात आणि थांबतात. ते श्वास घेण्यासाठी थांबत नाहीत. उरलेली अर्धी ओळ मागे बसलेल्या आठ-दहा साथीदारांची आहे, आणि त्यांच्याही मागे सतरंजीवर, देवळाच्या ओट्यावर, सोडून ठेवलेल्या बैलबंडीला टेकून बसलेल्या माणसांची आहे, असे ते मानतात. चाळीस वर्षे त्यांनी ती ओळ अशीच सोडली आणि चाळीस वर्षे कोणी ना कोणी ती उचलली. एप्रिल २०२० मध्ये स्वतःच्या घरात, ज्वारीच्या कोठीला टेकवून उभ्या केलेल्या मोबाइलसमोर बसून त्यांनी ती सोडली, तेव्हा ती उचलणारे कोणी नव्हते.

मी त्या वेळी दोन गल्ल्या पलीकडे, माझ्या घरी, त्यांना पडद्यावर पाहत होतो. मी शाळेत शिक्षक आहे आणि मंडळात पेटी वाजवतो. पेटी समोरच होती. मी माझ्या खोलीत ओळ म्हटली, बायकोनेही म्हटली, आणि पुढे कळले की गावात आणखी पुष्कळ घरांत ती त्याच वेळी म्हटली गेली होती. पण यातले काहीही काकाजींपर्यंत पोहोचण्याची सोय नव्हती. त्यांनी क्षणभर वाट पाहिली, खंजिरीवर एक थाप जास्तीची दिली आणि ओळ स्वतःच पुरी केली. पुढच्या कडव्यालाही असेच झाले. तिसऱ्या कडव्यानंतर त्यांनी ओळ सोडणेच बंद केले. प्रसारण संपल्यावर फोनवर ते मला एवढेच म्हणाले, ‘म्या ओळ सोडली, सर, पण ते पडली कुठं, काई समजलं नाही.’

आमचे गाव अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात आहे. कापूस, तूर, सोयाबीन आणि थोडी संत्र्याची बाग असा हा मुलूख. गुरुकुंज मोझरी याच तालुक्यात, त्यामुळे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आमच्याकडे वारशाने येते, शिकवावी लागत नाही. एका हातात धरायचे छोटेसे चर्मवाद्य आणि सोबतीला माणसाचा गळा, एवढ्या सामग्रीवर महाराजांनी उभे आयुष्य गायले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टीला जो उठाव झाला, त्यामागे त्यांच्या भजनांनी चेतवलेली माणसे होती, आणि त्या भजनांपायीच इंग्रज सरकारने त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले. मला यातून नेहमी एक गोष्ट जाणवत आली आहे. केवळ ऐकून घरी जाणाऱ्या माणसांची सरकारला भीती वाटण्याचे कारण नव्हते. ओळ उचलून म्हणणाऱ्या माणसांची मात्र होती. आमच्या परंपरेतला श्रोता हा असा आहे. त्याला प्रेक्षक म्हणणे मला अजूनही जड जाते.

म्हणूनच टाळेबंदीच्या त्या पहिल्या महिन्यात आम्हाला जे सोसावे लागले, ते शहरातल्या मैफलीच्या कलावंतांपेक्षा थोडे वेगळे होते, असे मला वाटते. समोर श्रोता नसल्याची खंत त्यांनाही होती. पण शांत सभागृहात एकाग्र होऊन गाण्याची सवय असलेल्या गायकाला रिकाम्या खोलीत निदान आपली कला पुरी मांडता येते. आमचे गाणेच तिथे अर्धे राहत होते.

आधी आम्ही एकत्र वाजवण्याची धडपड केली. पुतण्याने सगळ्यांच्या फोनवर बैठकीचे एक ॲप उतरवून दिले, प्रत्येक जण आपापल्या घरी वाद्य घेऊन बसला, आणि दहा मिनिटांत सर्वांनी वाद्ये खाली ठेवली. ताल जुळेचना. कारण मला पुढे समजले. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे मांडवात चार मीटरवर बसलेल्या तबलजीपर्यंत माझी पेटी सुमारे १२ मिलिसेकंदांत पोहोचते, आणि एवढा उशीर कानाला जाणवत नाही. हा उशीर ३० मिलिसेकंदांच्या आसपास गेला की वाजवणारे एकमेकांची वाट पाहू लागतात आणि लय ओढली जाते. खेड्यातल्या मोबाइल नेटवर्कवरून बैठकीच्या ॲपमध्ये तो १०० च्या खाली क्वचितच येतो. त्यात ही ॲपे माणसांच्या बोलण्यासाठी केलेली. एका वेळी एकाच मोठ्या आवाजाला ती वाट देतात आणि सतत चालणारा आवाज हा पंख्याचा किंवा यंत्राचा गोंगाट समजून पुसून टाकतात. माझ्या पेटीचा धरून ठेवलेला षड्ज, ज्याच्या आधाराने सारे गातात, तोच नेमका पुसला जात होता. पलीकडे मी भाता हलवताना दिसत होतो आणि स्वर ऐकू येत नव्हता.

म्हणून मग एकट्या काकाजींचे फेसबुकवरून थेट प्रसारण ठरले, आणि त्याची हकिगत वर सांगितलीच आहे. त्या वर्षी आषाढीची पायी वारी झाली नाही, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथ्या हिवाळ्यात गावोगाव आपापल्या दिवशी होतात, त्याही झाल्या नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हा खंजिऱ्या परत खुंटीवर गेल्या. आम्ही मधूनमधून प्रसारण करत राहिलो. पडद्याच्या कोपऱ्यात डोळ्याचे चिन्ह आणि त्याच्याजवळ एक आकडा असे; कधी ३०, कधी ४५. पुतण्या फोनच्या मागे उभा राहून बोटांनी तो आकडा काकाजींना दाखवी आणि काकाजी मान हलवत. त्या आकड्यात माणसे आहेत यावर त्यांचा विश्वास होता, परंतु विश्वास ठेवून ओळ सोडता येत नाही.

खरा बदल झाला तो मांडव पुन्हा भरल्यानंतर. आता प्रसारणाची गरज संपली, असे मंडळातल्या बहुतेकांना वाटले. थांबवायला तयार नव्हती ती गाव सोडून गेलेली माणसे. पुण्याजवळच्या कारखान्यांत कामाला असलेली पोरे, सुरतेत आणि नागपुरात संसार करणाऱ्या लेकी, मुलाकडे राहायला गेलेली म्हातारी माणसे यांचे फोन येऊ लागले की पुण्यतिथीचे भजन लाइव्ह दाखवा, आम्ही सुटी काढू शकत नाही. चॅनेल यूट्यूबवर न्यायचे ठरले. मोबाइलवरून थेट प्रसारण करायला तिथे किमान ५० सबस्क्रायबर लागतात. दूध संकलन केंद्रावर एका सकाळी ते काम झाले.

तांत्रिक अडचणी मी इथे थोड्या विस्ताराने लिहितो, कारण इतर मंडळांना त्यांचा उपयोग होईल, आणि दुसरे असे की माझ्या मनातली मुख्य गोष्ट मला त्या अडचणींमधूनच उमगली.

पहिली अडचण नेटवर्कची. दुपारी तपासले तेव्हा चित्र स्वच्छ जात होते आणि रात्री नऊला, मांडव भरल्यावर, अडकू लागले. गावाला टॉवर एक, आणि मांडवातल्या शेकडो खिशांत शेकडो फोन. सगळ्यांचा भार त्या एका टॉवरवर. गर्दी जितकी मोठी, तितके प्रसारण कमजोर. अंगणवाडीच्या ताईंच्या घरी फायबरचे कनेक्शन आहे. तिथून देवळापर्यंत तार ओढावी म्हटले तर अंतर १४० मीटर भरले, आणि नेटवर्कची साधी तांब्याची तार १०० मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. मधल्या किराणा दुकानात एक छोटा नेटवर्क स्विच, म्हणजे सिग्नल पुढे पाठवणारे यंत्र, बसवून तार दोन तुकड्यांत आणली. दुकानदार त्या रात्री दुकानातच झोपतो, म्हणजे कोणी चुकून प्लग काढू नये. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी आणि इन्व्हर्टर तयार असतो.

दुसरी अडचण आवाजाची. फोनचा स्वतःचा माईक खंजिरीपुढे टिकत नाही. थाप पडली की फोन आपोआप सगळाच आवाज खाली घेतो आणि हळूहळू वर आणतो, त्यामुळे गायकाचा गळा थापेगणिक बुडतो आणि वर येतो. यावर उपाय म्हणून आम्ही माईकसेटवाल्याच्या मिक्सरमधून थेट तार घेतली. पहिल्या वेळी ती सरळ फोनला जोडली आणि आवाज फाटला, कारण मिक्सरमधून येणारा सिग्नल माईकच्या सिग्नलपेक्षा कितीतरी जोरदार असतो. मध्ये एक छोटे ऑडिओ इंटरफेस, म्हणजे तो सिग्नल फोनला पेलेल असा करून देणारे यंत्र, टाकल्यावर मात्र आवाज इतका निर्मळ झाला की मी खूश होऊन घरी गेलो. दुसऱ्या दिवशी व्हिडिओखाली पुण्याहून आमच्याच गावच्या एका मुलाने लिहिलेले वाचले: ‘आवाज लय साजरा होता, पण मांडव रिकामा होता का?’

मांडवात त्या रात्री पाचशेवर माणसे होती आणि ध्रुपद उचलले की पत्रे थरथरत होते.

मी व्हिडिओ कान देऊन ऐकला आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. मिक्सरमध्ये फक्त तेच आवाज जातात, ज्यांच्यापुढे माईक ठेवलेला असतो. गायकापुढे होता, माझ्या पेटीपुढे होता, तबल्यापुढे होता. मागच्या साथीदारांसाठी एकच, तोही लांब. आणि श्रोत्यांपुढे कोणी कशाला माईक ठेवील? त्यांचा आवाज मांडवात आपोआप भरतो, तो कर्ण्यातून वाढवावा लागत नाही. म्हणजे जो आवाज सर्वांत मोठा, तोच तारेतून एक कणही गेला नव्हता. काकाजी अर्धी ओळ सोडत होते, मांडव ती उचलत होता, आणि सुरतेतल्या लेकीला त्या जागी पोकळी ऐकू येत होती. एप्रिल २०२० मध्ये काकाजींना ऐकू आली होती, अगदी तीच.

पुढच्या कार्यक्रमाला मी एक माईक श्रोत्यांकडे तोंड करून खांबाला बांधायला सांगितला. माईकसेटवाला भाऊ वीस वर्षे हे काम करतो. त्याने माझ्याकडे काळजीने पाहिले. ‘सर, लोकाइकडं माईक कायले? शिट्टी मारन ना.’ त्याचे म्हणणे रास्त होते. तो माईक कर्ण्याला जोडला असता तर शिट्टी मारलीच असती. तो फक्त प्रसारणाकडे न्यायचा, कर्ण्याकडे त्याची वाट बंद ठेवायची, असे ठरले. त्या रात्रीपासून आमच्या प्रसारणात खोकला आहे, लहान मुलाचे रडणे आहे, दूरवर कुत्रे भुंकते आहे, आणि ध्रुपद आले की हे सगळे बुडवून टाकणारा पाचशे गळ्यांचा आवाज आहे. सभागृहातल्या ध्वनिमुद्रणाची सवय असणाऱ्या एका परिचिताने मला तो माईक काढण्याचा सल्ला दिला. मी काढला नाही आणि काढणारही नाही.

घरी बसलेला माणूस आता निदान साथ ऐकतो आणि आपला गळा त्यात मिसळतो. तरीही त्याचा गळा इकडे येत नाही. इकडे येते ते फक्त त्याने टाइप केलेले, आणि तेही उशिरा. यूट्यूबवर आमचे गाणे त्याच्यापर्यंत पोहोचायला साधारण वीस सेकंद लागतात. एखादी जागा ऐकून त्याने दाद लिहावी, तोवर इकडे दुसरे कडवे संपलेले असते. एखादे भजन पुन्हा म्हणा अशी विनंती यावी, तर पुढच्या भजनाची पेटी सुरू झालेली असते. पहिल्या वर्षी या दाद आणि फर्माइशी वाचायला कोणी थांबतच नव्हते. मग काकाजींनीच रीत बदलली. एक भजन संपले की ते खंजिरी मांडीवर ठेवतात, पाणी पितात, कातडे सैल पडले असेल तर शेकोटीकडे पाठवतात आणि पुतण्याकडे पाहतात. पुतण्या फोनवरची नावे वाचतो: अमुक यांची लेक, सुरत, अमुक यांचा नातू, चाकण. मांडवातली माणसे ती नावे ऐकून मागे वळून त्या त्या घरच्या माणसांकडे पाहतात. पूर्वी दोन भजनांच्या मध्ये एवढी उसंत कधीच नव्हती, आणि भजन स्पर्धेत नेमून दिलेल्या वेळेत ती परवडणारही नाही. पण आपल्या गावच्या कार्यक्रमात ती आता ठरून गेली आहे, आणि मला ती भजनाचाच भाग वाटते.

त्या नावांमध्ये मला ज्यांचे सर्वांत जास्त अप्रूप वाटले, ती नावे मात्र लांबची नव्हती. आमच्याच गावातून, मांडवापासून दोनशे पावलांवरून संदेश येत होते. ज्यांच्या कडेला तान्हे मूल आहे, ज्यांना रात्री उशिरा बाहेर बसणे घरात रुचत नाही, ज्या दुसऱ्या दिवशीच्या महाप्रसादाची तयारी करत बसल्या आहेत, अशा सुना चुलीजवळ फोन ठेवून ऐकत होत्या. कर्ण्याचा आवाज त्यांना घरात येतच होता. तरी त्या फोनवर होत्या, कारण फोनवर लिहिता येते. मांडवात ज्यांनी आयुष्यात कधी फर्माइश केली नसती, त्यांनी लिहिले की काकाजी, एक रुखमाईचं म्हणा. काकाजींनी म्हटले, आणि पुतण्याने नाव वाचू का म्हणून विचारले तेव्हा ‘विचार आधी तिले’ असे त्यांनी सांगितले. त्या हिवाळ्यानंतर गावात महिलांचे भजन मंडळ उभे राहिले. ते प्रसारणामुळेच झाले असे मी म्हणणार नाही. त्याची इच्छा त्या घरांत आधीपासून होती. पण कोणाकोणाला गाणे हवे आहे, हे एकमेकींना समजले ते त्या संदेशांमधून, हे त्यांच्यातल्या दोघींनी मला सांगितले आहे.

आणखी एक गोष्ट मी पुतण्याच्या वहीतून टिपली. रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास पाहणाऱ्यांचा आकडा खाली येतो आणि बाराला पुन्हा चढतो. आम्हाला वाटले, झोपमोड झालेली माणसे असतील. तसे नव्हते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमधला डाटा संपला की ते नाइलाजाने बाहेर पडतात, बारा वाजता दुसऱ्या दिवसाचा डाटा सुरू होतो आणि ते परत येतात. तेवढ्यासाठी दीड तास जागे राहणारा श्रोता आहे, हे समजल्यापासून काकाजी आपले सर्वांत आवडते भजन बारानंतर घेतात.

पैशाबद्दल थोडेच. मांडवात श्रोता उठून दहा-वीसची नोट पेटीवर ठेवतो आणि त्याचे नाव माईकवरून पुकारले जाते. आता पेटीच्या झाकणावर आणि पडद्याच्या कोपऱ्यात क्यूआर कोड आहे, आणि सुरतेचे एकवीस रुपये त्याच आवाजात, माहेरच्या नावासह पुकारले जातात. यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे मिळायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पाहिले जाणे लागते. आम्ही त्याच्या मागे नाही. शिवाय आमची पुष्कळ भजने लोकप्रिय गाण्यांच्या चालींवर आहेत, आणि तिथली स्वयंचलित यंत्रणा चाल ओळखून हक्क सांगू शकते.

चालीवरून आठवले. स्पर्धेला जाणाऱ्या मंडळांचा प्रसारणाला खरा विरोध आहे तो इथे. एखादे मंडळ महिनाभर बसून नवी चाल बांधते आणि ती एका रात्री लाइव्ह गेली की पुढच्या स्पर्धेत तीन मंडळे तीच घेऊन उभी असतात. ही तक्रार मी हलकी मानत नाही. आमच्या विदर्भाच्याच पूर्व भागातल्या झाडीपट्टी रंगभूमीची अडचण याच जातीची, पण अधिक मोठी आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा परिसरातल्या नाटक मंडळ्या रोज नव्या गावात तेच नाटक रात्रभर करतात, समोर ऑर्गन आणि तबल्याची साथ असते, आणि प्रत्येक गावात तिकीट काढून येणाऱ्या माणसाच्या उत्सुकतेवर त्यांचे पोट असते. तिथे थेट प्रसारणाचा आग्रह धरणे मला अन्यायाचे वाटते. भजनाची गोष्ट निराळी. ते ऐकून झाले म्हणून कोणाचे संपत नाही. तरी स्पर्धेपुरती नवी चाल झाकून ठेवायची आणि निकालानंतर ती मोकळी करायची, एवढे पथ्य आम्ही स्वीकारले आहे.

गेल्या हिवाळ्यातला आमच्या गावच्या पुण्यतिथीचा दिवस. ११ ऑक्टोबर १९६८ ला महाराजांचे निर्वाण झाले, ती वेळ दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांची. मोझरीला त्या वेळी लाखो माणसे मौन धरतात, आणि गावोगावच्या पुण्यतिथीतही तीच वेळ पाळली जाते. मला भीती वाटत होती ती प्रसारणाची. मौन म्हणजे नुसता न येणारा आवाज; लांबच्या माणसांना वाटेल की तार तुटली, आणि ‘आवाज येऊन नाही राहिला’ असे संदेश येऊ लागतील. पुतण्याला मी फोनजवळ बसवले आणि मीही त्याच्या खांद्यावरून पाहत उभा राहिलो.

४.५८ झाले. मांडव उभा राहिला. श्रोत्यांकडे तोंड केलेल्या माईकमधून पताकांची फडफड तेवढी जात असावी. पडद्यावर आकडा १३७ होता. आधीच्या मिनिटापर्यंत ‘जय गुरु’चे संदेश एकामागून एक वर सरकत होते, आताही दोन-तीन आले, मग तेही थांबले आणि पडदा स्थिर झाला. आकडा १३७ च राहिला. काही वेळाने मांडवात मौन सुटले, माणसे खाली बसली, मी पेटीकडे जायला वळलो, काकाजींनी खंजिरी उचलली आणि ध्रुपदाची अर्धी ओळ सोडली, आणि मांडवाने ती उचलली. पुतण्याने माझी बाही धरून मला थांबवले आणि फोन दाखवला. पडद्यावर अजूनही एक अक्षर हलत नव्हते. त्यांचे मौन आमच्यानंतर सुरू झाले होते आणि अजून चालू होते. आम्ही दोघे, मागे भजन सुरू असताना, ते संपेपर्यंत तसेच उभे राहिलो.